इम्युनोॲडसॉर्प्शन: दुष्परिणाम कोणते, धावपळ केव्हा करावी?

मायस्थेनिया ग्रेव्हिससारख्या आजारात आपल्याच अँटीबॉडीज आपल्यावर उलटतात. या उपचारात रक्तातील प्लाझ्मा वेगळा करून खास कॉलममधून फिरवतात. अँटीबॉडीज तिथे अडकतात आणि तुमचाच प्लाझ्मा तुम्हाला परत मिळतो.

उपचार चालू असताना ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम घटते. ते दिले की बरे वाटते. गरगरू शकते, रक्तदाबही उतरतो.

रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. डॉक्टर त्या आधीच थांबवतात. स्वतःहून बंद करू नका. नावे आठवत बसण्यापेक्षा गोळ्यांची पाकिटेच सोबत आणा.

खरी काळजी घरी गेल्यावर. संसर्गाशी लढणाऱ्या अँटीबॉडीजही निघून गेलेल्या असतात, आणि मानेत कॅथेटर असेल तर जंतूंना आयती वाट मिळते. कन्हानला घरी असताना थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच नागपूरला, जिथे उपचार चालू आहेत त्या रुग्णालयात जा. कॅथेटरच्या जागेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि जवळच्या दवाखान्यात पोहोचा.