गोळी चालू असताना ‘एकच पेग’?

घरात लग्न आहे. हळदीची रात्र. गच्चीवर पुरुषमंडळींची बैठक जमली आहे. नैराश्याच्या आजारातून गेल्या चार महिन्यांत हळूहळू सावरलेला धाकटा जावई एका कोपऱ्यात बसला आहे. बायकोचा काका त्याच्या हातात पेला देतो.

‘‘नको काका, गोळ्या चालू आहेत.’’

‘‘अहो जावईबापू, मग आजच्या रात्री गोळी घेऊ नका! एका दिवसाने काय बिघडते?’’

असा प्रसंग आज कितीतरी घरांत घडतो. आग्रह करणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. पण त्याचा हा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

एक गोळी चुकवून काय होते?

गोळी घेतली नाही म्हणजे शरीरातले औषध संपले, असे होत नाही. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या नेहमीच्या औषधांचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. फ्लुओक्सेटिनचा अंश तर काही आठवडे शरीरात राहतो. म्हणजे गोळी चुकवूनही औषध आणि दारू यांची गाठ पडतेच.

उलट वारंवार गोळ्या चुकल्या, तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड, डोक्यात वीज चमकल्यासारखे वाटणे असे त्रास सुरू होऊ शकतात. या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. इतक्या दिवसांची कमाई दर शनिवारच्या बैठकीत थोडी थोडी उधळली जाते.

दारूने मन हलके होते का?

पहिल्या घोटांनी संकोच गळतो, बोलणे मोकळे होते. पण दारू मेंदूचे काम मंदावणारी आहे. तिने झोप लवकर लागते, मात्र पहाटे मोडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी, धास्ती अधिकच दाटून येते. ज्या आजारासाठी गोळी चालू आहे, त्यालाच दारू खतपाणी घालते. मग घरचे म्हणतात, ‘‘इतके महिने गोळ्या खाऊन उपयोग काय?’’ आणि दोष औषधावर येतो. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. खचलेल्या मनात आत्महत्येचा विचार असेल, तर दारू त्याला आवरणारा विवेकच ढिला करते.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत

अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही जुनी औषधे आणि मिर्टाझापिन यांनी मुळातच गुंगी येते. त्यात दारू पडली की तोल जाणे, जिन्यावरून पडणे, वाहनाचा अपघात हे धोके वाढतात. ब्युप्रोपिऑन घेणाऱ्याने खूप दारू प्यायली, किंवा नेहमीची दारू एकाएकी सोडली, तर फिट येऊ शकते. ड्युलॉक्सेटिन आणि भरपूर दारू एकत्र आल्यास यकृताला इजा होऊ शकते. अनेकांना सोबत झोपेची किंवा अस्वस्थतेवरची गोळीही दिलेली असते. तिच्याबरोबर दारू घेतल्यास श्वास मंदावून जिवावरही बेतू शकते.

‘थोडीशी’ म्हणजे किती?

३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. तो निकाली काढायला यकृताला तास-दीड तास लागतो. ‘‘मी फक्त बिअर घेतो’’ म्हणणाऱ्याने हिशेब करून पाहावा. ७ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे साडेतीन लहान पेग! स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढीच दारू त्यांना अधिक चढते.

घरातल्या फडताळातही लक्ष घालावे. खोकल्याच्या काही औषधांत मद्यार्क असतो. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांतही तो असतो. मन शांत राहावे म्हणून कोणी अश्वगंधारिष्ट घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, डॉक्टरांपासून पिण्याची सवय लपवू नये. पुष्कळदा पत्नीला ठाऊक असते, पण ‘डॉक्टर काय म्हणतील’ म्हणून ती गप्प राहते. खरे कळले तर डॉक्टर त्यानुसार औषध निवडू शकतात. दारू पूर्ण टाळणे सर्वांत सुरक्षित. प्रकृती स्थिरावल्यावर एखाद्याला अगदी थोडी चालेल का, हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे, बैठकीने नव्हे.

रोज पिणाऱ्याची दारू मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचा आधारही घेता येतो.

चुकून घेतलीच, तर भांडण सकाळवर ठेवावे. त्याला गाडी चालवू देऊ नये, एकटे सोडू नये. ‘राहिलेली भरून काढू’ म्हणून दुप्पट गोळ्या देऊ नयेत. पुढची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारावे. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास संथ झाला असेल किंवा फिट आली असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर ती नशेतली बडबड समजू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

मधुमेह असलेल्या पाहुण्याला आपण जिलबीचा आग्रह करत नाही. मनाच्या आजाराचे पथ्यही तितक्याच सहजपणे पाळता यायला हवे. गच्चीवरच्या त्या बैठकीत एखाद्याने एवढेच म्हणावे, ‘‘राहू द्या हो काका, त्यांच्यासाठी कोकम सरबत आणा.’’ जावईबापूंना कोपऱ्यातून बैठकीत यायला तेवढे पुरेसे आहे.