सांधा जोडताना : छेद लहान, विश्रांती मोठी

घोट्याच्या सांध्यातील कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते आणि प्रत्येक पाऊल वेदना देते. औषधे, आधारपट्टे व विशेष पादत्राणे यांनी आराम न पडल्यास तो सांधा कायमचा जोडण्याचा मार्ग उरतो. त्यासाठी उरलेली कूर्चा खरवडून खालचे जिवंत हाड उघडे करतात व दोन्ही हाडे स्क्रूने घट्ट आवळतात. कालांतराने ती एकजीव होतात.

या पूर्वतयारीसाठी पूर्वी मोठा छेद घ्यावा लागे. आता दुर्बिणीच्या साहाय्याने घोट्यापुढील २ लहान छिद्रांतूनही ती करता येते. त्वचेला इजा कमी होते व जखमेचे त्रास घटतात. मात्र पाय फार वाकडा झालेला असल्यास बहुधा खुली शस्त्रक्रियाच योग्य ठरते.

"छिद्रे दोनच, मग प्लास्टर इतके दिवस का?" असे नातेवाईक आम्हांस विचारतात. जखम लवकर भरली तरी हाड आपल्याच गतीने जुळते. त्यास साधारणतः ३ महिने लागतात. पहिले काही आठवडे पायावर भार देऊ नये. तंबाखू व विडी-सिगारेट पूर्ण बंद हवी, मधुमेह आटोक्यात हवा. पुढे उकिडवे बसणे अवघड जाते, हेही आम्ही आधीच सांगतो.

रोजंदारीवरील रुग्णास शस्त्रक्रियेपेक्षा हे तीन महिनेच जड जातात. देणगीदारांनी उपकरणांइतकाच या काळातील त्याच्या घरखर्चाचाही विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.