दुचाकी आणि वाट (भाग ६): फिल्टरच्या पलीकडची धूळ

पेट्रोलचा हिशेब जो तो ठेवतो, हवेचा कुणी ठेवत नाही. एक लिटर पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या जवळपास पंधरापट, म्हणजे सुमारे ११ किलो हवा लागते. ११ किलो हवा म्हणजे नऊ ते दहा हजार लिटर. इंदूरच्या राजेंद्र नगरहून राऊ, महू करत चोरलकडच्या कच्च्या वाटांवर भटकून आलेल्या गाडीने दोन-तीन लिटर पेट्रोल जाळलं असेल, तर वीस-तीस हजार लिटर हवाही तिने ओढली. आणि तीही बहुधा पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेल्या लोटातून. त्या हवेच्या आणि पिस्टनच्या मध्ये उभा असतो तो तळहाताएवढा कागद किंवा फोम. तो स्वच्छ ठेवा, हे सगळेच सांगतात. मला मात्र वाटतं की फिल्टर किती काळा दिसतो हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते एवढंच, की त्याच्या पलीकडे काय गेलं? असं विचारू लागलं की गॅरेजमध्ये चालणाऱ्या साफसफाईतली बरीचशी इंजिनाच्या मुळावर येणारी ठरते.

आधी धुळीकडे पाहू. इंदूरने २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला क्रमांक राखला, पण झाडूचा अंमल शहराच्या वेशीपर्यंतच. पुढे एप्रिल-मे महिन्यात भेगाळलेली काळी माती चाकाखाली मैद्यासारखी दळली जाते. 'आपली माती मऊ, ही काय राजस्थानची वाळू आहे?' असं म्हणणारे भेटतात, आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काळ्या मातीतली चिकणमाती खरोखरच मऊ असते. पण माळव्याचं पठार बेसाल्टचं, आणि कच्च्या रस्त्यावर पसरलेला मुरूम आणि गिट्टी याच खडकाची. त्यातल्या फेल्डस्पार, पायरोक्सीन या खनिजांचा कठीणपणा मोह्सच्या मापावर सहाच्या आसपास भरतो. चाकूचं पोलाद साडेपाचाला थांबतं. सिलिंडरची भिंत आणि पिस्टनची रिंग यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो. पाच ते वीस मायक्रॉनचा खडा त्यात शिरला की सहाणेवर घासल्यासारखी झीज सुरू होते, आणि एवढा बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

आता कागदी फिल्टर. एक्सपल्स किंवा हिमालयनसारख्या, रस्ता आणि रान दोन्ही धुंडाळणाऱ्या गाड्यांत बहुधा तोच असतो. सर्व्हिसिंगला गाडी गेली की तो काढायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची, फरशीवर दोनदा आपटायचा आणि परत बसवायचा, ही आपल्याकडची रीत. चहाच्या गाळणीत चोथा साचला की चहा हळू उतरतो, पण अधिक नितळ उतरतो. कागदी फिल्टरचं तसंच आहे. तो सर्वांत कमी धूळ अडवतो ते अगदी नवा असताना. वर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळणीचं काम करू लागतो. जोराची हवा हा थर उडवते, एवढ्यावरही थांबत नाही. ती कागदाचे तंतू फाकवते आणि कडेची चिकटवण सैल करते. तेलात भिजवलेल्या कागदाच्या फिल्टरवर तर ती मारूच नये, कारण त्याची सारी मदार त्या चिकट तेलावर. कागद चोंदला तर बदलायचा, धुवायचा किंवा फुंकायचा नाही.

'आमचा मेकॅनिक वीस वर्षं हवाच मारतो, काही बिघडलं नाही,' हा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण त्यामागे अनुभव आहे. पण धुळीची झीज पुढच्या आठवड्यात दिसत नाही. ती हजारो किलोमीटरनंतर, इंजिन ऑइल कमी होऊ लागलं की प्रकटते, आणि तेव्हा दोष ऑइलच्या ब्रँडला किंवा चालवणाऱ्याला दिला जातो. दुसरा आक्षेप असा, की अ‍ॅव्हरेज पडलं, काळा धूर आला की कळेलच. कार्ब्युरेटरच्या काळात कळायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. फिल्टर चोंदला तरी संगणक पेट्रोल कमी करून सांभाळून घेतो. शिवाय धूर सांगणार ती चोंदलेल्या फिल्टरची गोष्ट. फाटलेला फिल्टर गाडीला उलट मोकळा श्वास देतो, म्हणून ती मजेत पळते. फिल्टर काढून 'पिकअप' वाढवणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

केएक्स, केएलएक्ससारख्या खऱ्या डर्ट बाइकच्या फोमचा न्याय मात्र उलटा. तिथे धूळ अडवतो तो फोमला लावलेला चिकट तेलाचा थर, नुसता फोम नव्हे. तो थर धुळीने भरला की धूळ आत आत सरकते, म्हणून धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर धुलाई हवी. फोम काढल्याबरोबर इंजिनाकडे जाणारं तोंड स्वच्छ फडक्याने बंद करायचं, नाहीतर सफाई करतानाच माती आत जाते. मग फोम रॉकेलमध्ये आणि नंतर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. पेट्रोल नको: आगीची भीती तर आहेच, शिवाय ते सांध्यांचा गोंद खातं. स्वेटरसारखा दाबून पाणी काढायचं, पिरगळायचं नाही, आणि सावलीत पूर्ण वाळवायचा. मग फोम फिल्टरचंच तेल कणीक तिंबावी तसं सगळीकडे मुरवायचं. उरलेलं इंजिन ऑइल चालणार नाही का? अडीअडचणीला चालेल, पण ते उभ्या गाडीत खाली निथळतं आणि फोमचा वरचा भाग कोरडा पडतो. शेवटी काठाला ग्रीसचा पातळ हात. नवा कोरा फोम नीट बसला नाही, तर केसाएवढ्या फटीतूनही धूळ आत जाते. सांधा उसवला किंवा फोम बोटात भुगा होऊ लागला, की बदलायचा.

बदलायचा केव्हा, याला पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा पुरत नाही. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा गुळगुळीत ट्रॅक आहे. तिथला एक किलोमीटर आणि जानापावच्या पायथ्याच्या धुळीतला एक किलोमीटर फिल्टरच्या दृष्टीने एक नव्हेत. पुस्तिकेतही धुळीच्या भागासाठी मुदत कमी करा, अशी बारीक अक्षरांतली ओळ बहुधा असते. आपण ती वाचत नाही. नवा कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो, पिस्टन-रिंग आणि बोअरचं काम हजारांत जातं.

पुढच्या आठवड्यात चेन आणि स्प्रॉकेट. तोवर एकदा फिल्टर काढा आणि त्याच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर मातीचा रंग उतरला, तर फिल्टर कितीही स्वच्छ दिसो, तो आजच बदला.