यहेज्केलने पाहिलेले मंदिर

बायबलच्या जुन्या करारात यहेज्केल या संदेष्ट्याचा ग्रंथ आहे. त्याच्या ४० ते ४८ या अध्यायांत एका मंदिराचे वर्णन येते. ते मंदिर कधीच बांधले गेले नाही. तरीही त्याच्या भिंतींची जाडी, पायऱ्यांची संख्या आणि देवड्यांची लांबीरुंदी आपणांस ठाऊक आहे. असे का व्हावे?

इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. याजककुळातला यहेज्केल त्यापूर्वीच हद्दपार होऊन बाबिलोनियात राहत होता. नगर पडल्यानंतर चौदाव्या वर्षी त्याला दृष्टांत झाला. उंच पर्वतावर दोरी व मापाची काठी घेतलेला एक पुरुष एकेक भाग मोजून दाखवीत होता. काठी सहा हातांची. त्यातला प्रत्येक हात नेहमीच्या हाताहून चार बोटे अधिक. म्हणजे ती सुमारे १० फुटांची झाली.

बिदरच्या किल्ल्यात शर्झा दरवाजा ओलांडला की पुढे गुंबद दरवाजा लागतो. येथील रचनाही तशीच, द्वारामागून द्वार अशी आहे. बाहेरच्या आवाराला पूर्व, उत्तर व दक्षिण या दिशांना महाद्वारे आहेत. पश्चिमेस द्वार नाही. प्रत्येक महाद्वार ५० हात लांब व २५ हात रुंद, आणि आत दोन्ही बाजूंस तीन-तीन देवड्या. सात पायऱ्या चढून बाहेरच्या अंगणात यावे; तेथे ३० ओवऱ्या आहेत. आणखी आठ पायऱ्यांनी आतले अंगण, तेथे वेदी. त्यापुढे मुखमंडप, ४० हात लांबीचा सभामंडप आणि २० हात चौरस गाभारा. आत जावे तसतशी भूमी उंचावते आणि दार अरुंद होत जाते.

या मापांना अर्थ आहे. पूर्वी राजवाडा आणि देवालय यांच्यामध्ये केवळ एका भिंतीचे अंतर होते. राजे देवाच्या उंबरठ्याला आपला उंबरठा लावीत. आता प्रत्येकाची मर्यादा काठीने ठरते. म्हणूनच याच अध्यायांत खऱ्या तराजूची व खऱ्या मापांची आज्ञा येते, आणि अधिपतीने प्रजेची जमीन बळकावू नये, असेही बजावलेले आहे.

शेवटी मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. हजार हातांवर ते घोट्यापर्यंत, पुढे गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि चौथ्या हजारावर पोहूनच जावे अशी नदी होते. बिदरच्या नरसिंह झरणीत भाविक पाण्यातून चालत देवाकडे जातो. येथे पाणीच देवाच्या घरून निघून रुक्ष प्रदेशाकडे जाते. ते मृत समुद्राचे खारेपण घालविते, तेथे मासे येतात, काठच्या झाडांची पाने औषधी ठरतात. दलदली मात्र मिठासाठी तशाच ठेवल्या जातात. इतका हा दृष्टांत व्यवहार जाणतो.

परतलेल्या यहुद्यांनी इ. स. पूर्व ५१५ च्या सुमारास मंदिर पुरे केले, ते या आराखड्याप्रमाणे नव्हते. तरी कॅथॉलिक देवळांत ९ नोव्हेंबरला, रोमच्या लॅटरन महामंदिराच्या सणाला, याच नदीचे वाचन होते. निर्वासितांच्या हाती वीट नव्हती, चुना नव्हता. त्यांना माप मिळाले, आणि पुन्हा उभे राहताना कोणत्या मर्यादेत राहावयाचे, हेही त्या मापाने त्यांना सांगितले.