गुंगी आणि भूल

“भूल दिलीय नव्हं डॉक्टरसाहेब? मग आता काय कळायचं न्हाई त्याला.” शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलाच्या मालकाने मला हे विचारले, तेव्हा मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नुकताच रुजू झालो होतो. मी मान डोलावली आणि करवत लावली. बैल मान खाली टाकून, लाळ गाळत, खोड्यात निमूट उभा होता. पण शेपटीच्या मुळाशी बोटे ठेवून नाडी बघणारा आमचा जुना परिचर हळूच म्हणाला, “साहेब, नाडी पळायला लागली.” मी करवत खाली ठेवली. बैलाला भूल चढलीच नव्हती. चढली होती ती गुंगी.

बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. जनावरांच्या वैद्यकात त्यांच्यात फार अंतर आहे. गुंगीत जनावर शांत होते, पण त्याला ऐकू येते, स्पर्श कळतो, दुखतेही. पूर्ण भुलीत शुद्धच हरपते. तिसरी अवस्था बधिरतेची : जनावर टक्क जागे, शरीराचा तेवढाच भाग संवेदना नसलेला. त्या दिवशी मला गुंगी आणि बधिरता दोन्ही हव्या होत्या. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून शिंगाच्या मुळाकडे एक मज्जातंतू जातो. त्याच्याभोवती लिग्नोकेन टोचले की शिंग बधिर होते. मी ते टोचले होते, पण त्याचा असर व्हायला लागणारी मिनिटे थांबलो नव्हतो. बैल हलत नाही एवढ्यावरच माझे समाधान झाले होते. मग थांबलो, नाडी उतरली, शिंग काढले. मालकाला यातले काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

ती गुंगी आणणारे औषध म्हणजे झायलाझीन. १९६२ मध्ये जर्मनीत बायर कंपनीने ते माणसांच्या रक्तदाबासाठी तयार केले. माणसाला त्याने भलतीच गुंगी येते असे दिसले, आणि ते जनावरांच्या वैद्यकात आले. मेंदूतल्या ज्या पेशी नॉरॲड्रिनॅलिन सोडून प्राण्याला सावध ठेवतात, त्यांचा तो स्राव हे औषध आवरते. ते येण्याआधी बैल पाडायचा म्हणजे कासरे, चार-सहा गडी आणि बैलाचा किंवा गड्याचा पाय मोडण्याची धास्ती. त्यामुळे या लहानशा बाटलीचे आम्हाला किती अप्रूप होते, ते आजच्या डॉक्टरांना सांगून पटणार नाही.

पण तिची एक खोड आहे. घोड्याला शिरेतून किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम लागते, तर गाय-बैलाला त्याचा दहावा भागही पुरतो. म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला ४०० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच वजनाच्या बैलाला फार तर ४०. त्यातून हे औषध मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते. बाटलीवरची बारीक अक्षरे न वाचणाऱ्याच्या हातून काय होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराचे कोटीपोट या औषधाने मंदावते, ढेकर अडते, पोट फुगते. जनावर बसलेच तर त्याला कुशीवर पडू न देता छातीवर बसते ठेवायचे आणि तोंड खाली करायचे, नाहीतर लाळ आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाते. गाभण गायीला शेवटच्या महिन्यांत ते टाळतात, कारण गर्भाशय आकुंचन पावते.

यावर उतारा आहे. योहिम्बिन, आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतले द्रव्य. ते टोचले की जनावर उठून उभे राहते आणि बघणारे टाळ्या वाजवतात. पण झायलाझीन जी थोडीफार वेदना कमी करत असते, तीही या उताऱ्याबरोबर उतरते. वेदनेवरचे वेगळे औषध आधी दिलेले नसेल, तर ते जनावर उठते ते दुखण्यातच.

बिबट्याला झायलाझीनबरोबर केटामाइन देतात. सिनेमात सुई लागताच वाघ कोसळतो. प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटे जातात, आणि ती शांततेत जावी लागतात. जुन्नरच्या बाजूला उसात नाहीतर विहिरीत बिबट्या सापडला की भोवती गर्दी आरडाओरडा करते. बिथरलेल्या प्राण्यावर गुंगी नीट चढत नाही, मग मात्रा वाढवावी लागते आणि धोकाही. केटामाइनने डोळे उघडेच राहतात. म्हणून त्यांत मलम घालून वर फडके बांधतात.

निवृत्तीनंतर शहरात आलो, तर दिवाळीत दारावर वेगळीच माणसे : “काका, आमच्या मोतीला एक सुई द्या ना, फटाक्यांनी पार वेडा होतो.” त्यांना हवी असते ॲसिप्रोमाझीनची किंवा ट्रायफ्लुप्रोमाझीनची सुई. दोन्ही एकाच कुळातली. ती दिली की कुत्रे कोपऱ्यात पडून राहते आणि घरच्यांना हायसे वाटते. पण ही औषधे भीती घालवतात असे म्हणता येत नाही. आवाज त्याला ऐकू येत असतो, पळायला पाय तेवढे उचलत नाहीत. काही कुत्री तर अचानक आवाजाला जास्तच दचकतात. मला तो बैल आठवतो आणि मी नुसती ती सुई द्यायला नकार देतो. लोक रागावतात. झायलाझीनच्याच कुळातल्या डेक्समेडेटोमिडीनचे हिरडी आणि गालामध्ये लावायचे जेल २०१५ मध्ये अमेरिकेत याच भीतीसाठी मान्य झाले. बेताच्या मात्रेत ते कुत्र्याला न झोपवता धास्ती कमी करते. मात्र असे कोणतेही औषध कुत्रा तपासून आणि फटाके सुरू होण्याआधीच द्यावे लागते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ वाजता धावत येऊन उपयोग नसतो.

शेजारच्या आजींना मी यंदाही कोजागिरीलाच सांगून ठेवले आहे : मधल्या बिनखिडकीच्या खोलीत त्याची गोधडी टाका, पंखा मोठा ठेवा, कोणीतरी जवळ बसा. गेल्या वर्षी त्याने ती सगळी रात्र तिथे जागून काढली, आजींच्या मांडीवर डोके ठेवून. पहाटे मात्र दूध-भाकरी खाल्ली.