मज्जारज्जूची ताजी इजा आणि पेशी-उपचारांची चाचणी : तुलना गटाचे महत्त्व

प्रस्तावना

अपघातात किंवा उंचावरून पडून मज्जारज्जूला इजा झाली, की इजेखालील शरीराची हालचाल व संवेदना क्षणात हरपू शकते. अशा वेळी ‘मूलपेशींचा उपचार करावा काय?’ हा प्रश्न उस्मानपुऱ्यातील घरांतून, तसेच मराठवाड्यातील खेड्यांतून ओळखीच्या प्राध्यापकांनाही विचारला जातो. त्याच्या उत्तरावर कधी कधी कुटुंबाची जमीन अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या उपचारांची चाचणी कशी घेतात व तिचे निष्कर्ष कसे समजून घ्यावेत, याचे विवेचन केले आहे.

ताज्या इजेचा पेच

मज्जारज्जूचे नुकसान दोन टप्प्यांत होते. आघाताने काही पेशी तत्काळ नष्ट होतात. त्यानंतर सूज, दाह व रक्तपुरवठ्यातील अडथळा यांमुळे नुकसान वाढत जाते. पुढे तेथे व्रण पक्का होऊन अक्षतंतूंची वाढ रोखली जाते. म्हणून दाह ओसरू लागल्यावर, पण व्रण पक्का होण्यापूर्वी पेशी सोडण्याचा विचार पुढे आला.

परंतु हाच काळ नैसर्गिक सुधारणेचाही असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बहुतांश सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. सुरुवातीस संपूर्ण इजेची नोंद झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के त्याच श्रेणीत राहतात. म्हणजेच साधारणतः पाचांतील एकाची श्रेणी पेशींविनाही सुधारते. त्याला पेशी दिल्या असत्या, तर श्रेय पेशींनाच मिळाले असते. म्हणून पेशी न दिलेल्या रुग्णांचा तुलना गट अनिवार्य ठरतो.

चाचण्यांचा अनुभव

नवी दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटरमधील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत २१ रुग्णांचे तीन गट होते. दोन गटांना इजेनंतर १० ते १४ दिवसांत त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी वेगवेगळ्या मार्गांनी दिल्या गेल्या. तिसरा तुलना गट होता. प्रक्रिया सुरक्षित आढळली, मात्र परिणामकारकता सिद्ध झाली नाही. जपानच्या केओ विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये चार रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले. दोघांत सुधारणा दिसली. परंतु तुलना गट नसल्याने ती पेशींमुळेच झाली, असे म्हणता येत नाही.

नियम व व्यवहार

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक विकारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. सहभागी रुग्णाकडून त्यासाठी शुल्क घेता येत नाही.

समारोप

विचारणा करणाऱ्या कुटुंबाला तीन प्रश्न सुचवावेत : चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आहे काय? तुलना गट आहे काय? पैसे मागितले जात आहेत काय? पैसे मागितले जात असतील, तर तेथेच थांबावे. शय्याव्रण टाळणे, मूत्राशयाची निगा आणि नियमित व्यायाम यांचा लाभ मात्र निश्चित आहे. उपलब्ध पैसा प्रथम त्यांवर खर्च व्हावा.