सुरतेचे ‘काले’ आणि आपले ‘काल’

पोटापाण्यासाठी मराठी माणूस सुरतेस जाऊ लागला, त्याला बराच काळ लोटला. विशेषतः खानदेशातील पुष्कळ कुटुंबे तेथे कापडाच्या धंद्यात स्थिरावली आहेत. गुजराती ही मराठीची सख्खी शेजारीण. ती वेगळी शिकावी लागत नाही, अशी नवख्याची समजूत असते. परंतु काळवेळेच्या शब्दांपाशी त्याचे पाऊल हटकून अडखळते.

शेठ म्हणतो, ‘पगार काले आपीश.’ मराठी कानास ‘काल’ ऐकू येते आणि मनुष्य बुचकळ्यात पडतो. वस्तुतः गुजराती ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही. दिशा दाखविते ते क्रियापद. ‘काले आव्यो हतो’ म्हणजे काल आला होता; ‘काले आवीश’ म्हणजे उद्या येईन. नेमके सांगावयाचे असल्यास ‘गई काले’ व ‘आवती काले’ असे म्हणतात. तसेच ‘मोडुं थयुं’ म्हणजे उशीर झाला. काही मोडले असे नव्हे. ‘वार लागशे’ म्हणजे वेळ लागेल. आणि ‘नवा वर्षे हिशेब करीशुं’ असे कोणी म्हटले, तर गुढीपाडव्याची वाट पाहू नये. गुजराती नववर्ष दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस सुरू होते.

वाचकहो, याला हसण्यापूर्वी आपले ‘परवा’ आठवावे. परवा आलो आणि परवा जाईन, शब्द एकच! दूरच्या स्पेन देशातही हीच तऱ्हा आहे. तेथे ‘मान्याना’ म्हणजे सकाळ आणि उद्याही. ‘उद्या सकाळी’ म्हणावयाचे तर तोच शब्द दोनदा येतो. आपण सात दिवसांच्या आठवड्यास ‘आठ दिवस’ म्हणतो, स्पॅनिश लोकही ‘ओचो दीआस’, म्हणजे आठ दिवसच, म्हणतात. पावणेचारला ते ‘चारला पाव कमी’ म्हणतात. आपल्या ‘पावणे’चा अर्थ तरी दुसरा कोणता?

याच स्पेनमधून येशूसंघीय फादर कार्लोस वालेस १९४९ साली भारतात आले. अहमदाबादेस ते गणित शिकवीत. गुजराती त्यांनी इतकी आत्मसात केली की, त्या भाषेतील लेखनासाठी त्यांना १९७८ सालचे रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाले. समुद्रापलीकडून आलेल्यास जे साधले, ते शेजाऱ्यास साधणार नाही काय?

मात्र शिकेपर्यंत सावधपणा हवा. पगाराचा दिवस चुकला तर घरची चूल अडते. दवाखान्याचा दिवस चुकला तर दुखणे बळावते. म्हणून सुरतेस निघालेल्या मुलास आईबापांनी इतके सांगावे : ‘काले’ ऐकताच मान डोलावू नकोस, वाक्य शेवटपर्यंत ऐक, आणि वार व तारीख विचारून घे. विचारण्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याची भाषा अशीच, विचारीत विचारीत, आपली होते.